परक्याचं पाणी

आबिजान, १२ जानेवारी १९९२

माझा पळपुटा गडी अनातोल बायाला यास,

मालकाचा सलाम. तू अजून जिवंत आहेस असं ट्रकवाल्या सालिफूकडून कळलं. वाईट वाटलं. तुझ्या शिलाई मशीनचं पायडल अजून कुरकुरतं म्हणे. म्हणजे तीस वर्षांत तुम्हा गुरुन्सी जमातीच्या लोकांना तेलाचा शोध काही लागला नाही.

काम आहे म्हणून लिहितोय, नाहीतर गड्याला पत्र कोण लिहितं? माझी थोरली, आजारा, आता तेवीस वर्षांची झाली. इथे शाळेत शिकवते. तिला प्रवासाचं खूळ आहे. समुद्र पाहून झाला, जंगल पाहून झालं, आता म्हणते झोंगेरीचा बाजार पाहायचाय. मी नाही म्हणालो. तिने ऐकलं नाही. माझीच मुलगी, ऐकणार कशी. तर ती २६ तारखेच्या गाडीने वागादुगूला उतरेल आणि तिथून ट्रकने तुझ्याकडे येईल. एक बाजार बघेल, तुझ्या बायकोच्या हातची बाजरीची उकड खाईल आणि परत फिरेल.

आता नीट ऐक. ती कुणाची मुलगी हे कुणाला कळता कामा नये. प्रवासी म्हणून येईल, प्रवासी म्हणून जाईल. चिंचेखाली माझा थोरला भाऊ अजून शेंगा विकत बसत असेलच. त्याला तर मुळीच कळू देऊ नकोस.

मी अजून ते विसरलेलो नाही. बाप गेला तेव्हा मी कोकोच्या मळ्यात होतो. निरोप महिन्याने पोचला, त्यात माझा काय गुन्हा? धावत आलो तर भर बाजारात थोरल्याने मान वर न करता कुणाला तरी सांगितलं, "पाहुणे आलेत, पाणी आणा." घरचा माणूस रांजणात स्वतः भोपळ्याचा तुंबा बुडवून पितो रे. आणून देतात ते परक्याला. मी तो तुंबा तिथेच आपटला. तेव्हापासून बावीस वर्षं झाली, तो बसलेल्या बाजारात मी पाऊल टाकलेलं नाही आणि टाकणारही नाही.

तोंडाला कुलूप लाव. तुझं तोंड मला ठाऊक आहे.

तुझा मालक,
लासिना गांपिने

*

झोंगेरी, ३ फेब्रुवारी १९९२

माझा गडी लासिना यास, खऱ्या मालकाकडून,

तू स्वतःला मालक लिहितोस ते वाचून माझी बायको इतकी हसली की उकड करपली. ती करपलेली उकड मी तुझ्या खात्यावर मांडली आहे.

तुझी मुलगी आली, बाजार पाहिला, गेली. तू सांगितलंस तसंच सगळं झालं. काळा चष्मा, पँट, गळ्यात कॅमेरा. कांद्याच्या ढिगाचे फोटो काढत होती, तेव्हा कांदेवाल्या बायका आधी लाजल्या आणि मग कांदे सोडून स्वतःच फोटोला उभ्या राहिल्या. चवळीची भजी खाल्ली, दोनदा. माझ्याकडून एक झगा शिवून घेतला आणि कॉलर वाकडी आहे असं मलाच सांगितलं. कॉलर वाकडी होती. पण तेवीस वर्षांच्या मुलीने ते सांगायचं?

आता तुझ्या लबाडीबद्दल. प्रवासाचं खूळ म्हणे. रात्रीच्या मुक्कामात तिने माझ्या बायकोला सगळं सांगितलं. फोफानांच्या मुलाने तिला मागणी घातली आहे. त्यांची माणसं मागणीच्या रिवाजाची कोलाची फळं घेऊन दोनदा तुझ्या दारात आली आणि दोन्ही वेळा कोला तशीच परत घेऊन गेली, कारण मुलगी बाप देत नाही, बापाचा थोरला भाऊ देतो, आणि तुझा थोरला कुठे आहे या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर नाही. तिसऱ्यांदा ते बकरी ईदनंतर येणार, आणि तेव्हाही उत्तर नसेल तर मुलासाठी दुसरं घर बघणार. एवढं मोठं गाठोडं पोटात ठेवून मला तू बाजार दाखवायला सांगतोस. ती बाजार बघायला आलीच नव्हती. काका कसा दिसतो ते बघायला आली होती.

बघितला तिने. त्याच्या चटईसमोर उकिडवी बसून शेंगा घेतल्या. त्याला काही कळलं नाही. चांगलं गिऱ्हाईक म्हणून त्याने वर एक पिशवीभर शेंगा फुकट दिल्या, तोंड शिवून. त्या तुम्हा सगळ्यांसाठी आहेत.

काळजी नसावी. कुलूप जागच्या जागी आहे.

तुझा मालक,
अनातोल

*

आबिजान, २४ फेब्रुवारी १९९२

अनातोल,

थोरल्याने फुकट दिल्या? ज्याने सख्ख्या मेव्हण्याला मापटं सपाट करून दिलं, त्याने अनोळखी पोरीला पिशवीभर फुकट दिल्या? मी काय काल जन्मलो?

आजाराला समोर बसवून विचारलं. तिने एका दमात सांगितलं. तू बाजाराच्या मधोमध तिच्या हातातला शेंगांचा पुडा हिसकावलास. "ही बघा, शेंगाचोरांच्या घरातली आणखी एक आली" असं ओरडलास. पोरगी आधी घाबरली. तिला वाटलं, कुणी वेडा आहे, पोलीस बोलवावा. मग तुझा तो दात विचकलेला चेहरा पाहून तिला घरातलं काहीतरी आठवलं आणि तिने फाडकन उत्तर दिलं, "कुत्रेखाऊ, आधी दातात अडकलेलं शेपूट काढ."

हे मीच तिला शिकवलंय. ती दोन वर्षांची असताना मांडीवर घेऊन हा खेळ खेळायचो. ती मला काय काय म्हणायची, मी तिला काय काय म्हणायचो. बिसा आणि गुरुन्सी भेटले की थट्टेने एकमेकांना शिव्या देतात, त्याचा हा खेळ, हे तिला कधी सांगितलं नाही. इथे शहरात बिसा कोण आणि गुरुन्सी कोण, कुणाला पडलंय? आणि ते शेपटाचं वाक्य माझ्या बापाचं. तुझ्या बापाला तो दर बाजाराला तेच म्हणायचा. आणि हे सगळं झालं तेव्हा थोरला चार हातांवर बसलेला.

अरे गाढवा, झोंगेरीत प्रवासी आला तर तू काय करतोस? खुर्ची पुसतोस, "या, बसा" म्हणतोस, बायकोला हाक मारतोस. गुरुन्सी माणूस शिव्या कुणाला देतो? आम्हा बिसांना. आणि काळा चष्मा लावलेल्या परदेशी पोरीला तू शेंगाचोर म्हणालास. त्यापेक्षा ढोल वाजवून सांगायचं होतंस, लासिनाची मुलगी आली म्हणून.

त्याने काय केलं ते मला खरंखरं लिही. ती म्हणते, तो नुसतं तिच्या हाताकडे बघत होता. म्हणाला, "दर तिसऱ्या दिवशी बाजार असतो." आणि पिशवी दिली. हे काय बोलणं झालं?

शेंगा बायकोने, कादीने, मीठ घालून उकडल्या. आळीतल्या सगळ्या पोरांनी खाल्ल्या. दाणा लाल, घट्ट, एकही पोकळ नाही. बावीस वर्षांनी खाल्ल्या मी आमच्या जमिनीच्या शेंगा. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कादीला सांगितलं, मिरची लागली. शेंगांत मिरची नव्हती.

कोलाचं तुला कळलंच आहे, तर लपवत नाही. मला झोप येत नाही. फोफानांचा मुलगा आता गल्लीच्या टोकाशी उभा राहून पोरीला भेटतो, घरात येत नाही. तिला उद्या कुणी विचारलं, तुझ्या बापाला कुणी नाही का, तर ती काय सांगेल?

लासिना

*

झोंगेरी, १५ मार्च १९९२

लासिना,

थांब. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. उकडल्या?

आधी माझा गुन्हा कबूल करतो. हो, मीच बोललो. शपथेवर सांगतो, सकाळपासून जीभ दाताखाली धरून बसलो होतो. दुपारी ती समोरून आली, पुडा हातात, शेंगा फोडतेय, टरफलं वाटेवर टाकतेय, अगदी तुझ्यासारखी, मान वाकडी करून. हात आपोआप गेला. पन्नास वर्षांची सवय आहे, ती काय तुझ्या एका पत्राने जाणार? आणि तुला खोटं लिहिलं तेही खरं. भीती वाटली तुझी. गड्याची भीती वाटणारा मी पहिलाच मालक असेन.

पण त्या शेंगांचं काय करून बसलात रे तुम्ही. ते बियाणं होतं.

तुझा थोरला, नूफूदादा, खायच्या शेंगा पोत्यातून विकतो. ती पिशवी त्याने त्या दिवशी घरून मागवली. माझ्यासमोर माणूस पाठवला, तुझी पोरगी कांद्यांचे फोटो काढत होती तेवढ्यात. मला वाटलं, कौतुकाने देतोय. मी शिंपी माणूस, मला शेतीतलं काय कळतं. तुझं पत्र आल्यावर मी त्याच्या बायकोला, हाबिबूवहिनीला विचारलं. ती कपाळावर हात मारून बसली. म्हणाली, ते निवडलेलं बी, एकेक शेंग हाताने पारखलेली. बी हा माणूस विकत नाही. घरात ज्याची शेतात पट्टी असते त्यालाच देतो.

मी म्हटलं, लासिनाची कुठली पट्टी? ती मला ओढ्याकडे घेऊन गेली. तुझी पट्टी, बाभळीच्या कडेची, तुझ्या बापाने तुझ्या नावाने आखलेली. मला वाटत होतं, एव्हाना ती मोठ्या शेतात मिसळली असेल. नाही मिसळली. दोन्ही बाजूंना दगड आहेत, चुन्याने रंगवलेले. दरवर्षी तो ती वेगळी पेरतो, वेगळी काढतो, वेगळ्या मडक्यात बी ठेवतो. बावीस वर्षं. घरात कुणी विचारलं तर म्हणतो, ओढ्याकडची जमीन चांगली आहे म्हणून. मुलीला दिलेली पिशवी त्या मडक्यातली होती. ती तुम्ही मीठ घालून खाल्लीत.

मी दोन दिवस विचार केला आणि शेवटी जाऊन नूफूदादाला सांगून टाकलं. माझ्या पोटात राहत नाही हे आता सगळ्या जगाला माहीत आहेच. म्हटलं, नूफूदादा, तुमच्या भावाच्या घरी बी उकडून खाल्लं. तो चटईवर बसला होता. खाली बघत राहिला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, संतापला. मग कळलं, हसतोय. मी त्याला तुझ्या बापाच्या मरणानंतर हसताना पाहिलेलं नाही. खूप वेळ हसला, मग उपरण्याने डोळे पुसत बसला, आणि ते पुसणं हसण्यापेक्षा जास्त वेळ चाललं.

शेवटी म्हणाला, "बी खाऊन टाकलेल्याला पोस्टाने दुसरं पाठवत नाहीत. त्याने बांधावर येऊन मागायचं असतं."

एवढंच. मी कोलाबद्दल एक शब्द बोललो नाही. ते तुझ्या तोंडाने मागायचं. पेरणी जूनमध्ये आहे. ईदही जूनमध्येच आहे. बाकी तू शहाणा आहेस असं मी लिहिणार होतो, पण खोटं लिहायचं सोडलंय.

अनातोल

*

आबिजान, २० एप्रिल १९९२

अनातोल,

तुझं पत्र कादीने मोठ्याने वाचलं, कारण त्या दगडांपर्यंत आलो आणि मला पुढचं वाचता येईना. चुन्याने रंगवलेले, असं लिहिलंयस ना? पुन्हा एकदा विचार हाबिबूवहिनीला. मला खात्री करून घ्यायची आहे.

मी येतोय. ३० मेच्या बाजाराला पोचतो. इथे माझ्या हाताखाली सहा माणसं भांडी ठोकतात, त्यांना वाटतं मी कुणाला भीत नाही. बावीस वर्षं मी त्या एका तुंब्याचा राग केला. आणि तो दरवर्षी माझी पट्टी पेरत होता. माझ्या रागाचं आता काय करू? आणि तरीही मनात येतं, बी दिलं ते पोरीला दिलं. मला बघून त्याने पुन्हा मान वर केलीच नाही तर? "बांधावर येऊन मागायचं" म्हणजे ये असं म्हणाला, की नाक घासत ये असं म्हणाला? त्याचं बोलणं मला कधीच नीट कळलं नाही.

म्हणून मी घरी जाणार नाही. साधा प्रवासी येतो तसा बाजारात येईन. दुरून बघेन. त्याने ओळख दिली तर ठीक. नाही दिली तर संध्याकाळच्या ट्रकने परत, आणि पोरीला काय सांगायचं ते वाटेत ठरवेन.

यावेळी तुझ्याकडून एकच मागतो, आणि चेष्टेने मागत नाही. तोंड उघडू नकोस. शेंगाचोर नाही, गडी नाही, काही नाही. कुणी परका प्रवासी आला तर तू जसा वागतोस तसाच वाग. तो बोलेपर्यंत तू बोलायचं नाहीस. आपल्या दोघांच्या बापांची शपथ आहे.

लासिना

*

झोंगेरी, २ जून १९९२

चि. आजारा हिस,

तुझ्या अनातोलकाकाचे आशीर्वाद. तुझे वडील स्वतः पत्र लिहीत नाहीत, कारण ते शेतात आहेत. हाताला फोड आलेत आणि ते सगळ्यांना दाखवत फिरतात. म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. झगा मोकळा कर आणि कॉलर मला पाठव, सरळ करून देतो.

आता ऐक काय झालं ते. शनिवारी ट्रक आला. तुझे वडील उतरले. नवा पांढरा झगा, हातात बॅग, डोक्यावर टोपी इतकी खाली ओढलेली की वाट दिसत नसावी. चिंचेपासून वीस पावलांवर येऊन उभे राहिले, पुढे येईनात. नूफूदादा चटईवर, मापट्याने शेंगा मोजत. मी माझ्या मशीनवर. शपथ पाळायची म्हणून मी दातांत दोरा धरला होता, तोंड उघडूच नये म्हणून.

मी ठरवलं होतं, अगदी तुझे वडील म्हणाले तसं वागायचं. उठलो. खुर्ची पुसली. "या, बसा साहेब," म्हणालो. साहेब! माझ्या तोंडून. भजीवाली बाई वळून बघायला लागली. तुझे वडील येऊन बसले. मग प्रवाशाला आपण काय करतो? मी आत गेलो, रांजणातून तुंबा भरला, आणि दोन्ही हातांनी धरून त्यांच्यापुढे केला.

पोरी, तुंबा पुढे केला तेव्हा मला आठवलं.

तुझ्या वडिलांचा चेहरा राखेसारखा झाला. तीच चिंच, तोच बाजार, तेच पाणी, आणि आणून देणारा कोण, तर मी. कांदेवाल्यांचं बोलणं थांबलं. तिथल्या म्हाताऱ्यांना सगळ्यांना ती गोष्ट माहीत होती. मला हात मागे घेता येईना, त्यांना पुढे करता येईना. बोलावं तर शपथ आड येत होती. मी आयुष्यात एकदाच सभ्यपणे वागलो आणि तुझ्या लग्नाची माती केली, असं मला खरोखर वाटलं.

नूफूदादांनी मापटं खाली ठेवलं. उठले. गुडघे दुखतात त्यांचे, उठायला वेळ लागतो. आमच्यापाशी आले, माझ्या हातातला तुंबा घेतला आणि सगळं पाणी चिंचेच्या मुळाशी ओतलं. तुझ्या वडिलांकडे पाहिलंही नाही. माझ्यावरच डोळे काढून म्हणाले, "काय रे बायाला, आजारी आहेस का? याला साहेब म्हणतोस, खुर्ची पुसतोस, पाणी देतोस. हा काय परका आहे? शिव्या दे याला."

मी दोरा थुंकला. म्हटलं, "शेंगाचोरा, बियाणं गिळून वर तोंड घेऊन आलास?"

आता पाळी तुझ्या वडिलांची. सगळा बाजार त्यांच्या तोंडाकडे बघत होता. उत्तर द्यायचं सोडून ते टोपी हातात घेऊन तसेच बसले, लहान मुलासारखे. तेव्हा त्यांच्या मागे उभे राहून, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, नूफूदादाच मला म्हणाले, "कुत्रेखाऊ, आधी दातात अडकलेलं शेपूट काढ."

अगदी तुझ्या आजोबांच्या आवाजात. भजीवाली रडली आणि तिने भजी जाळली.

मग तुझे वडील उठले, माझ्या दुकानात शिरले, रांजणाचं झाकण काढलं आणि स्वतःच्या हाताने तुंबा बुडवून प्यायले. दोन तुंबे. तहान लागलीच असणार, ऊन फार होतं.

बाकीचं थोडक्यात. रात्री त्यांनी बांधावर जाऊन बी मागितलं. नूफूदादांनी विचारलं, "यावेळी मीठ बरोबर आणलंयस का?" आणि दिलं. मग माझ्या दुकानात परत येऊन कोलाचं सांगितलं. नूफूदादांनी उपरण्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. तुझ्या वडिलांना वाटलं, रागावले. ते शेवटी म्हणाले, "त्या दिवशी ती समोर बसली होती. मला तेव्हाच का नाही सांगितलं?" माझ्याकडे कुणी बघितलं नाही, म्हणून मी मशीनला तेल घालत बसलो. हो, तेल. तुझ्या वडिलांनी बाटली आणली आहे, 'साहेबांसाठी', म्हणजे माझ्यासाठी, भेट म्हणून.

पट्टी पेरून झाली की रविवारच्या गाडीने दोघं तिकडे निघतील. ईदच्या आधी पोचतात. फोफानांना निरोप धाड, की कोला ताजी आणा, घ्यायला थोरला काका येतोय. त्यांच्या मुलाला सांग, गल्लीच्या टोकाशी उभं राहणं पुरे झालं.

आणि तुला एक काम. नूफूदादा तुझ्या घराचा उंबरा पहिल्यांदा चढतील. तुम्ही शहरातली माणसं, पाहुणा दिसला की ट्रेमध्ये गार पाणी घेऊन धावता. तसं करू नकोस. फ्रिज कुठे आहे, तेवढं दाखव.

तुझा काका आणि तुझ्या सगळ्या घराचा मालक,
अनातोल बायाला